मागे डोंगर नसलेला धबधबा

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात धबधब्याचं चित्र ठरलेलं असतं. समोर कडा, पायथ्याशी आपण, मान वर करून बघायचं. व्हिक्टोरिया धबधब्याला यातलं काहीच लागू पडत नाही. झांबियातल्या लिव्हिंग्स्टन गावातून निघालो तर रस्ता सगळा सपाट. दोन्ही बाजूंना मोपानेची झाडं, मध्येच रस्ता अडवून बसलेले बबून. डोंगर सोडा, साधं टेकाडसुद्धा नाही. समोर मात्र निळ्याकोरड्या आभाळात एकच पांढरा ढग उभा, आणि तो वरून आलेला नाही, जमिनीतून निघालाय.

जवळ गेल्यावर उलगडा होतो. झांबेझी पठारावरून संथ पसरत येते आणि जमिनीला पडलेल्या एका आडव्या भेगेत कोसळते. भेगेचा पलीकडचा काठ नदीच्या पात्राइतकाच उंच. त्यामुळे आपण धबधब्याच्या खाली नाही, वरही नाही. थेट त्याच्या माथ्यासमोर, त्याच पातळीवर उभे असतो आणि पाणी आपल्या पायांच्या खाली खोल जात असतं. रुंदी १७०८ मीटर, जास्तीत जास्त उंची १०८ मीटर. म्हणजे उंचीला नायगाराच्या साधारण दुप्पट. याहून उंच धबधबे कितीतरी आहेत, दक्षिण अमेरिकेतला इग्वाझू याच्याहून रुंद आहे. पण कोसळणाऱ्या पाण्याचा एवढा मोठा सलग पडदा दुसरीकडे नाही.

आम्ही मे महिन्यात गेलो होतो. झांबियाच्या बाजूने एक पायवाट नाइफ एज नावाच्या अरुंद पुलावर नेते. दारातच रेनकोट आणि चपला भाड्याने मिळतात. घ्याव्यात, पण त्यांच्यावर फार विसंबू नये, कारण इथे पाऊस खालून वर येतो. दरीत आपटलेलं पाणी वाऱ्याबरोबर उसळून वर चढतं आणि मग पुन्हा आपल्या डोक्यावर पडतं. पुलाच्या मध्यावर दोन पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. मे महिन्यात या बाजूने धबधबा बघायचा नसतोच, तो अंगावर घ्यायचा असतो. मध्येच वारा वळला की पांढऱ्यातून काळ्या खडकाची एखादी उभी धार दिसते आणि लगेच मिटते. याच तुषारांवर काठाने चिंचोळं वर्षावन जगलंय. वड-उंबराच्या जातीची झाडं, नेचे, वेली. पाच-दहा मिनिटं चाललात की पुन्हा कोरडं मोपानेचं रान.

तो काळा खडक बघून मात्र घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. बसाल्टच तो. आपल्या दख्खनच्या खडकाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, हा मात्र सुमारे अठरा कोटी वर्षांचा. दोन्ही थिजलेला लाव्हाच, पण वेगवेगळ्या वेळी उसळलेला. लाव्हा थंड होताना आकसतो आणि उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा त्याला भेगा पडतात. इथल्या मोठ्या भेगा पूर्व-पश्चिम आहेत, त्यांना जोडणाऱ्या लहान भेगा उत्तर-दक्षिण. पुढे त्यांच्यात मऊ गाळ भरला. नदीने तो गाळ उकरून काढला आणि एका मोठ्या भेगेत ती रुंदीभर कोसळू लागली. मग एखाद्या लहान भेगेतून मागे मागे कोरत ती वरच्या मोठ्या भेगेपर्यंत पोहोचली आणि धबधबा तिथे सरकला. असं सात वेळा झालंय. आजचा धबधबा आठव्या जागेवर आहे. खालच्या बाजूला नागमोडी वळत गेलेल्या दऱ्या म्हणजे त्याची जुनी ठिकाणं. हे सगळं गेल्या लाखभर वर्षांतलं. भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचंच म्हणायचं.

पावसाळा सरल्यावर, मे महिन्यात इतकं पाणी कसं, हा प्रश्न मला तिथे पडला. त्याचं उत्तर बरंच वर आहे. झांबेझी उगम पावते झांबियाच्या वायव्य टोकाला, अंगोलात जाऊन परत झांबियात येते आणि बारोत्सेच्या प्रचंड मैदानात पसरते. पूर चढला की लोझी लोकांचा राजा, लितुंगा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या मोठ्या नावेतून लेआलुईची राजधानी सोडून उंचावरच्या लिमुलुंगाला मुक्काम हलवतो. कुओम्बोका म्हणतात त्या सोहळ्याला. मैदानात साठलेलं पाणी सावकाश उतरतं, त्यामुळे धबधब्याला सगळ्यांत जास्त पाणी येतं ते एप्रिलच्या सुमारास, तिथला स्थानिक पाऊस संपत आल्यावर. आणि सगळ्यांत कमी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये.

हे वेळापत्रक लक्षात घेतलं तर मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनची गोष्ट नीट कळते. तो आला १६ नोव्हेंबर १८५५ ला, म्हणजे पाणी उतरलेलं असताना. म्हणूनच माकोलोलो नावाडी त्याला डोंगीतून थेट कड्याच्या तोंडावरच्या बेटापर्यंत नेऊ शकले. एप्रिलमध्ये तो प्रयत्न केला असता तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. बेटाच्या टोकावर आडवं पडून त्याने खाली डोकावलं, झाडावर आपली आद्याक्षरं आणि साल कोरलं, पीच-जर्दाळूच्या बिया पेरल्या आणि धबधब्याला आपल्या राणीचं नाव दिलं. त्याने 'शोध लावला' असं पाट्यांवर आता फारसं कुणी लिहीत नाही, ते बरंच आहे. माकोलोलोंचा मुखिया सेकेलेटू याची माणसं, नावा आणि शिधा नसता तर तो इथवर पोहोचलाच नसता. हे माकोलोलोही एका पिढीपूर्वी दक्षिणेतून आलेले. 'मोसी-ओआ-टुन्या', गरजणारा धूर, हे नाव त्यांचं. त्यांच्याही आधीपासून इथे लेया आणि टोंगा लोक राहतात. लेयांचा मुखिया मुकुनी याचं गाव आजही धबधब्याच्या जवळच आहे.

लिव्हिंग्स्टनचं एक वाक्य सगळ्या माहितीपत्रकांवर छापलेलं असतं: उडत जाणाऱ्या देवदूतांनी हे दृश्य पाहिलं असणार, अशा अर्थाचं. गंमत अशी की ते धबधब्याबद्दल नाहीच. धबधब्याच्या वरची नदी, बेटं आणि काठची झाडं बघून त्याने ते लिहिलं. आणि लगेच पुढे तो म्हणतो की उणीव काय ती मागे डोंगर नसल्याची. हे वाचून मला हा स्कॉटिश माणूस एकदम आपल्यातला वाटला.

पहिल्या खेपेला त्याने रुंदी आणि खोली दोन्ही फारच कमी सांगितली. १८६० मध्ये तो भाऊ चार्ल्स आणि जॉन कर्क यांना घेऊन परत आला. बागेची पाणघोड्यांनी धूळधाण केली होती. या वेळी त्यांनी दोरीला बंदुकीच्या गोळ्या आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून ती कड्यावरून सोडली. ३१० फुटांवर ती पाण्याच्या थोडी वर कपारीत अडकली, उरलेलं त्यांनी अंदाजाने धरलं. रुंदी निघाली १८६० यार्डांच्या आसपास. साल तेच म्हणून त्यांनी तो आकडा तसाच ठेवून दिला. मीटरमध्ये काढून पाहा: १७०१. आजच्या मोजणीपेक्षा सात मीटर कमी! लक्षात राहावा म्हणून ठेवलेला आकडा इतका बरोबर निघावा, याला काय म्हणायचं?

मी नाशिकचा, त्यामुळे या माणसाबद्दलची माझी उत्सुकता वेगळ्या कारणाने आहे. १८६४ मध्ये लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट 'लेडी न्यासा' स्वतः हाकत झांझिबारहून मुंबईला आला, ऐन जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. त्याच्याबरोबर आलेल्या आफ्रिकी माणसांमध्ये सुसी आणि कोवळा चुमा होते. तेव्हा नाशिकच्या शरणपूरला मिशनची एक वसाहत होती. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे शाळा आणि सुतारकी, लोहारकी असली कामं शिकवत. पुढच्या मोहिमेसाठी लिव्हिंग्स्टनने त्यातली काही मुलं बरोबर घेतली आणि जानेवारी १८६६ मध्ये मुंबई सोडली. नंतर १८७२ मध्ये त्याला शोधत आफ्रिकेत आलेला पत्रकार स्टॅन्ले याने त्याच्या मदतीला जी तुकडी पाठवली तिच्यातही नाशिकला शिकलेले तरुण होते. जेकब वेनराइट त्यांतलाच.

१ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. प्रार्थना वाचली जेकबने, झाडावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग मीठ लावून वाळवलेला देह घेऊन सुसी, चुमा, जेकब आणि बाकीचे महिनोन्‌महिने चालत हिंदी महासागराच्या काठी बागामोयोला पोहोचले. वाटेत देह इथेच पुरा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी ऐकला नाही. एप्रिल १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीसोबत चालण्याचा मान मिळालेल्यांमध्ये जेकब होता. धबधब्यावर पुतळे मात्र लिव्हिंग्स्टनचेच आहेत. शरणपूर रोडवर तरी जेकबच्या नावाची एखादी पाटी असायला हवी, असं मला फार वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चालत सीमा ओलांडली. धबधब्याच्या खालच्या दुसऱ्या दरीवर लोखंडी कमानीचा पूल आहे आणि पुलाच्या मध्यावर झांबिया संपून झिंबाब्वे सुरू होतो. एकाच पुलावर रूळ, गाड्यांचा रस्ता आणि पायवाट. तांब्याची कडी विकणारी पोरं दोन्ही देशांमध्ये लीलया ये-जा करतात. मधोमध बंजी जंपिंगचा मचाण. १११ मीटर उडी. बायकोने एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढे चालायला लागली.

या पुलाची कल्पना दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्स याची. केपटाउनहून कैरोपर्यंत रेल्वे न्यायची आणि झांबेझीवरून जाताना डब्यांवर धबधब्याचे तुषार पडले पाहिजेत, असा त्याचा हट्ट. थोडं वर सोपी जागा मिळाली असती. ऱ्होड्सने स्वतः धबधबा कधी पाहिला नाही आणि १९०२ मध्ये तो गेला. पूल इंग्लंडमध्ये डार्लिंग्टनला सुट्या भागांत बनवला, बोटीने आणि रेल्वेने आणला आणि दोन्ही काठांकडून पुढे बांधत नेला. १९०५ च्या एप्रिलमध्ये कमानीची दोन टोकं जुळली. १२ सप्टेंबरला उद्घाटन केलं जॉर्ज डार्विन यांनी, चार्ल्स डार्विनच्या मुलाने. कैरोपर्यंत रेल्वे कधीच गेली नाही.

तुषार मात्र खरंच येतात. पुलावर उभं राहून माझा शर्ट ओला झाला.

साम्राज्यवाल्यांची या नदीवर भलतीच नजर होती. वरच्या अंगाला, काझुंगुलाजवळ झांबिया, झिंबाब्वे, बोत्स्वाना आणि नामिबिया हे चार देश जवळपास एका ठिकाणी येऊन टेकतात. नामिबियाची जी लांब चिंचोळी पट्टी तिथवर आलीय ती जर्मनीने १८९० च्या करारात इंग्रजांकडून मिळवलेली, झांबेझीपर्यंत हात पोचावा म्हणून. नदीने थेट हिंदी महासागर गाठायचा बेत असेल तर वाटेत हा शंभर मीटरचा खड्डा होता!

पुलावरचा सगळ्यांत विलक्षण प्रसंग १९७५ चा. झांबिया १९६४ मध्ये स्वतंत्र झाला होता. पलीकडे ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, इयन स्मिथचं गोऱ्यांचं सरकार होतं आणि सीमा बंद होती. २६ ऑगस्टला दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर आणि झांबियाचे अध्यक्ष काउंडा यांच्या मध्यस्थीने स्मिथ आणि कृष्णवर्णीय राष्ट्रवादी नेते एका रेल्वेच्या डब्यात बसले. डबा पुलावर अशा बेताने उभा केला की स्मिथची माणसं ऱ्होडेशियात आणि समोरचे नेते झांबियात. मधल्या टेबलावरून सीमा गेलेली. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल ठेवायचं नाही म्हणून केवढा हा खटाटोप! बोलणी फिसकटली. झिंबाब्वे व्हायला १९८० उजाडावं लागलं. मला दोन्ही काठांवरच्या दर्शनबिंदूंपेक्षा हा पूल जास्त आवडला, तो या डब्यामुळे.

झिंबाब्वेच्या बाजूने मात्र धबधबा दिसतो, अगदी भरपूर दिसतो. लिव्हिंग्स्टनच्या पुतळ्यापाशी पश्चिम टोकाला डेव्हिल्स कॅटरॅक्ट आहे. इथला कडा इतरांपेक्षा खालचा, म्हणून पाण्याचा जोरही जास्त. नदी नववी जागा कोरायला लागलीय ती इथेच. सकाळच्या उन्हात खाली पूर्ण गोल इंद्रधनुष्य दिसलं. पुढे मेन फॉल्ससमोर पुन्हा तुषार आणि पुन्हा पांढरं. बाहेर पडल्यावर एक माणूस शंभर ट्रिलियन डॉलरची नोट विकायला आला. २००९ च्या महागाईतली, अस्सल. एकावर चौदा शून्यं. घासाघीस करून घेतली, अमेरिकी डॉलर देऊन.

जाणार असाल तर थोडं व्यवहाराचं. दोन्ही देशांत ये-जा करायला काझा युनिव्हिसा सोयीचा पडतो; नियम बदलत असतात, निघण्याआधी तपासून घ्या. मार्च ते मे पाणी अफाट, पण फोटो विसरा. ऑक्टोबर-नोव्हेंबरला झांबियाकडचा बराचसा कडा उघडा पडतो, तेव्हा एकच बाजू करायची झाली तर झिंबाब्वेची करा. जून-जुलै मधला मार्ग. पौर्णिमा साधली आणि पाणी असेल तर रात्री चांद्रधनुष्य दिसतं, त्यासाठी दोन्हीकडची उद्यानं मुद्दाम उघडी ठेवतात. आमची पौर्णिमा हुकली. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि बबूनांसमोर खाण्याची पिशवी उघडू नका.