मुलांना भेटता येणार नाही

"मुलांना भेटता येणार नाही. फोटोही नाहीत. तांदूळ द्यायचे असतील तर आनंदाने घेऊ, पण ते इथे ऑफिसात द्या." कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह इथल्या, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ऑफिसात एका ख्मेर, म्हणजे कंबोडियन, मुलीने मला हे शांतपणे सांगितलं आणि दोन्ही हातांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. लेकाचा वाढदिवस जवळ आला होता. सांगलीला आमच्या घरी वाढदिवस असो की आजोबांचं श्राद्ध, बालगृहात एक वेळचं जेवण द्यायचं आणि पंगतीत आपण स्वतः वाढायचं, ही पद्धत माझ्या लहानपणापासूनची. आईने त्याची पाटी कुठे लावू दिली नाही की कुणाला सांगत सुटली नाही. त्यामुळे तो नकार मला फार लागला. घरी येऊन नवऱ्यापाशी तासभर तणतणले. द्यायला आलेल्या माणसाला दारातून परत पाठवतात म्हणजे काय?

मग हळूहळू कळत गेलं की हा नियम इथे का आला.

अंगकोरची प्राचीन देवळं बघायला येणाऱ्यांना शेजारच्या सिएम रीप शहरातले टुकटुकवाले त्यांच्या जोडीला अनाथाश्रमही सुचवायचे. संध्याकाळी मुलं अप्सरा नृत्य करून दाखवत, पाहुणे गहिवरत, डॉलर देऊन जात. युनिसेफच्या २०११ च्या अहवालाप्रमाणे २००५ ते २०१० या काळात कंबोडियात अशा निवासी संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या. आणि तिथल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात होते! म्हणजे मुलं अनाथ नव्हती, गरीब होती. शाळा मिळेल, पोटाला मिळेल म्हणून बऱ्याच जणांना घरच्यांनीच नेऊन सोडलं होतं. जितके देणारे वाढले तितकी दाखवायला मुलं लागू लागली. २०११ मध्येच फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेने मोहीम काढली: मुलं ही पर्यटनस्थळं नाहीत. तिच्या पोस्टरवर म्युझियममध्ये असते तशी काचेची पेटी, आत मुलं आणि बाहेर कॅमेरे घेऊन उभे असलेले पर्यटक. ते पोस्टर पाहिल्यावर मी बराच वेळ काही बोलले नाही.

पण माझं म्हणणं अजूनही आहे की सांगलीचं प्रकरण वेगळं. आमच्या पंगतीत कुणी मुलांना नाचायला लावलं नाही. आई दरवर्षी तिथे जाते, अधीक्षकबाईंना नावाने ओळखते, कुणाची दहावी आहे हे तिला ठाऊक असतं. ती माया आणि सहलीच्या बसमधून उतरलेल्या अनोळखी लोकांचा तासाभराचा उमाळा एका मापाने मोजू नये, असं मला मनापासून वाटतं. तरीही त्या ख्मेर मुलीचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. ती म्हणाली, "ताई, तुम्ही चांगल्या आहात हे दिसतंय. पण आज तुम्हाला सोडलं तर उद्या येणाऱ्याला कोणत्या तोंडाने अडवू?"

इथल्या ज्या कामाने मला खरं जिंकलं ते तांदळाचं. स्तुंग मीनचेय हा नॉम पेन्हचा कचरा डेपो, २००९ मध्ये बंद झाला. त्याआधी शेकडो मुलं त्या धुमसत्या ढिगांवर प्लास्टिक आणि पत्रा वेचत. १९९५ च्या सुमारास एका फ्रेंच दाम्पत्याने, क्रिस्टियाँ आणि मारी-फ्रान्स दे पालिएर यांनी, ते पाहिलं आणि 'पूर अँ सूरीर दाँफाँ' (एका मुलाच्या हसण्यासाठी) ही संस्था उभी केली. आधी जेवण, आंघोळ, औषधपाणी, मग शाळा. पण मूल शाळेत गेलं की घरात येणारे त्याच्या कमाईचे पैसे थांबतात, हे त्यांनी ओळखलं. म्हणून ते घराला भरपाईदाखल तांदूळ देऊ लागले. आईने मुलाला शाळेत पाठवायचं की कचऱ्यावर, हा प्रश्न भाषणाने सुटत नाही, संध्याकाळी चुलीवर काय शिजणार यावर सुटतो. मागे पडलेल्या मुलांना एका वर्षात दोन इयत्ता करून घेतात आणि पुढे हाताला धंदा शिकवतात: हॉटेलचं काम, गाड्यांची दुरुस्ती, केशकर्तन.

फ्रेंड्स-इंटरनॅशनल १९९४ पासून रस्त्यावरच्या मुलांबरोबर काम करते. त्यांच्या रोमडेंग या हॉटेलात आम्ही जेवलोय. वाढणाऱ्या मुलांच्या शर्टाच्या पाठीवर 'विद्यार्थी' असं इंग्रजीत लिहिलेलं आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्यांच्या पाठीवर 'शिक्षक'. आमच्या टेबलापाशी आलेल्या मुलाने माशाचं आमोक ठेवताना वाटी केळीच्या पानावर नीट मध्ये आली की नाही ते वाकून पाहिलं, किंचित सरकवली, मग शिक्षकाकडे नजर टाकली. शिक्षकाने मान हलवली. तिथे माझा पैसा त्या मुलाच्या कामाचा मोबदला होता आणि तो ताठ मानेने उभा होता.

एक गोष्ट मात्र इथल्या परदेशी मित्रमैत्रिणींना मी प्रत्येक वेळी ऐकवते. पुण्यात कचरावेचक बायकांनी १९९३ मध्ये स्वतःची संघटना उभारली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. बाबा आढाव पाठीशी होते, एस.एन.डी.टी.च्या प्रौढ शिक्षणातल्या कार्यकर्त्या बरोबर होत्या. बायकांनी महापालिकेकडून ओळखपत्रं मिळवली आणि २००८ पासून 'स्वच्छ' सहकारी संस्थेतून घरोघरचा कचरा गोळा करण्याचं हक्काचं काम. इथे संस्थेने मुलाला ढिगावरून उतरवलं, तिथे आईने स्वतःच्या कामाला किंमत मिळवली आणि मुलाला शाळेत घालण्याइतकी उभी राहिली. मला दुसरा रस्ता जास्त टिकाऊ वाटतो. कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' रुजवलेल्या मातीतली मी, मला तो जास्त ओळखीचाही वाटतो. पण ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या मुलांचा विचार आला की माझा हा अभिमान लगेच अडखळतो. वर्षाच्या मध्यात शाळा सुटते आणि कोयता घेणारे हात बरेचदा कोवळे असतात. त्या घरांना तांदळासारखी भरपाई कोण देणार?

वाढदिवसाला आम्ही पन्नास किलोचं पोतं ऑफिसात पोचवलं. पावती मिळाली, बाकी काही नाही. लेकाने विचारलं, "तांदूळ कोणाला गेले?" मी म्हटलं, माहीत नाही. त्याला ते चाललं.

डिसेंबरात आम्ही सांगली-पुण्याला येतोय. तुमच्या गावातल्या एखाद्या बालगृहाने किंवा वसतिगृहाने पाहुण्यांच्या भेटी आणि फोटो बंद करून देणगी थेट मुलांच्या घराकडे किंवा मेसच्या फीकडे वळवली असेल, तर मला जरूर कळवा. मला तिथल्या चालकांशी बोलायचं आहे, मुलांना न भेटता.