सर्टिफिकेटसाठी खेळतात, मग बिघडलं कुठे?

विद्यापीठाचे झोनलचे, म्हणजे विभागीय कबड्डीचे सामने जवळ आले की आमच्या स्टाफरूममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या मुली खेळासाठी थोड्याच खेळतात? सर्टिफिकेटसाठी खेळतात." यंदा मी ते ऐकून गप्प बसले नाही.

मी अर्थशास्त्र शिकवते. कॉलेज तालुक्याच्या गावचं, कबड्डीच्या संघातल्या बहुतेक मुली एसटीने येणाऱ्या. त्यांचा सराव मी मुद्दाम पाहायला गेले. उजव्या कोपऱ्याला एस.वाय.ची एक मुलगी खेळते. चढाईवाली बोनस लाइनपर्यंत येते, हुलकावण्या देते, तरी ही जागची हलत नाही. समोरचीचा पाय पुरता टेकला की झेप घेऊन घोटाच पकडते. वर्गात प्रश्न विचारला की मान खाली घालणारी ही मुलगी तिथे बाकीच्या सहा जणींना खणखणीत आवाजात जागा सांगत होती.

सर्टिफिकेट नसतं तर खेळली असतीस का, मी तिला विचारलं.

"मी खेळले असते, मॅडम. घरच्यांनी सोडलं नसतं."

शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमधूनच मिळणारं) आरक्षण आहे, पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण आहेत, हा हिशोब तिच्या वडिलांना पटतो. म्हणून ती पहाटे घराबाहेर पडू शकते, सामन्यांसाठी परगावी मुक्काम करू शकते. आणि आरक्षणाचा लाभ नुसत्या सहभागावर मिळत नाही. ठरलेल्या दर्जाच्या स्पर्धेत पदक लागतं, वर क्रीडा खात्याची पडताळणी. खेळावर जीव नसलेली पोर तिथवर पोचेलच कशी?

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात याच मुलींची पदकं आम्ही अभिमानाने लावतो. मग ७५ टक्के हजेरीचा प्रश्न आला की त्या परक्या का होतात? इंटर झोनलच्या (विभागा-विभागांमधल्या सामन्यांच्या) दिवशीच इंटर्नल टेस्ट आली, तर एनसीसी कॅम्पला गेलेल्यांची आपण पुन्हा घेतो. यांना मात्र "आधी अभ्यास" असं सुनावतो. पकडीची नेमकी वेळ साधणं हाही अभ्यासच आहे, असं मला मनापासून वाटतं.

विद्यार्थ्यांचंही एक चुकतं. जिमखाना फी सगळे भरतात, पण संघात नसलेला कुणी मैदानाकडे फिरकत नाही. त्यावर सविस्तर लिहायचं आहे.

तूर्त परीक्षा समितीकडे लेखी अर्ज दिलाय: विद्यापीठाच्या स्पर्धेला गेलेल्या प्रत्येक खेळाडूची टेस्ट आठवडाभरात पुन्हा घ्यावी. माझ्या विषयाची मी घेणारच आहे.