विजोड वस्तूंची खोली

सोफा, टेबल, कपाट आणि पलंग हे चौघेही एकाच रंगाचे, एकाच नक्षीचे आणि एकाच दिवशी घरात आलेले असले की खोली नीटनेटकी दिसते हे खरे. पण अशा खोलीत पाहण्यासारखे फार काही उरत नाही, कारण एक वस्तू पाहिली की बाकीच्या तिन्ही पाहून झालेल्या असतात. माझ्या खोलीत कुणाचेच कुणाशी जुळत नाही. खणांचे कपाट दुसऱ्याच्या घरी निम्मे आयुष्य काढून आले आहे, खुर्ची आणखी तिसऱ्याच घरातली आहे, जमिनीवरचे जाजम हातमागावर विणलेले आहे आणि पुस्तकांच्या फळ्या एका विशिष्ट भिंतीसाठी मापे देऊन करवून घेतल्या आहेत. अशी खोली भरायला वेळ फार लागतो. जुनी वस्तू पारखण्यात, हाताने घडवलेल्या, म्हणजे हातच्या वस्तूची वाट पाहण्यात आणि करवून घ्यायच्या वस्तूचा विचार करण्यात तो जातो, आणि या तिघांत शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, असे माझे मत झाले आहे.

जुने कपाट घेताना त्याच्याकडे समोरून पाहण्यात विशेष अर्थ नसतो. समोरची बाजू विकणाऱ्याने पुसूनपासून ठेवलेलीच असते. त्याचा एक खण पूर्ण बाहेर काढावा, उलटा करावा आणि उजेडात न्यावा. पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे मिळतात तिथे पाखराच्या शेपटीसारखे पसरट दाते एकमेकांत गुंतलेले दिसले, तर तो डोव्हटेलचा सांधा. हे दाते अगदी सारख्या रुंदीचे आणि सारख्या अंतरावर असतील तर ते बहुधा यंत्राने कापलेले असतात. रुंदीत थोडा कमीजास्तपणा असेल आणि शेजारी आखणीची बारीक रेघ राहून गेली असेल, तर ते हाताने कापलेले असण्याचा संभव अधिक. माझ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात शेवटचा दाता इतरांच्या निम्माच आहे. ज्याने तो कापला त्याला शेवटी जागा पुरली नसावी, आणि खालचा खण वाकून कोण पाहतो, असा हिशेबही त्याने केला असावा.

त्याच खणाची तळाची फळी कुठेच चिकटवलेली नाही. ती बाजूंच्या खाचांत नुसती सरकवली आहे आणि मागे एका खिळ्याने अडकवली आहे. प्रथमदर्शनी हे उरकलेले काम वाटते, पण त्यामागे लाकडाची पक्की समज आहे. लाकूड हवेतली ओल शोषते आणि सोडते, त्यामुळे ते रुंदीत फुगते आणि आकसते. लांबीत मात्र जवळजवळ हलत नाही. ही फळी चारी बाजूंनी जखडली असती तर कोरड्या हवेच्या दिवसांत मधोमध तडकली असती. जोडकामातही अशीच पुढची सोय पाहिलेली असते. जुन्या सामानाचे सांधे पुष्कळदा सरसाने, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याच्या गोंदाने, जोडलेले असतात, आणि सरस ऊब व ओल मिळताच सुटतो; म्हणून डुगडुगणारी वस्तू खोलून, साफ करून पुन्हा जोडता येते. दाबलेल्या भुशाच्या बोर्डात मात्र स्क्रू एकदा ढिला झाला की त्याच्याभोवतीचा भुसाच गळू लागतो, आणि मग दुरुस्तीला धरायला जागाच राहत नाही.

वरच्या थराचीही परीक्षा करता येते. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळते, तेव्हा नजरेआडच्या एखाद्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा क्षणभर टेकवून पाहावा. तिथे चिकटपणा आला तर थर लाखेचा आहे आणि तो खरवडून काढण्याची गरज नाही, कारण लाखेचा नवा पातळ हात जुन्या थरात मिसळून जातो. जुना तैलरंग असेल तर मात्र कोरडा पॉलिशपेपर घेऊन घासत बसण्याचा उत्साह आवरलेला बरा. पूर्वीच्या रंगांत शिसे असे आणि त्याची धूळ श्वासाबरोबर आत जाते. पायांवर बारीक गोल भोके दिसली आणि त्यांच्याखाली ताजी, फिकट पूड सांडलेली असली, तर किडा अजून बिऱ्हाड सोडून गेलेला नाही असे समजावे. गाद्यागिरद्या लावलेल्या खुर्च्यांच्या शिवणी उलगडून पाहाव्यात, कारण ढेकूण वस्तूबरोबर फुकट मिळतात आणि परत घेतले जात नाहीत.

जुन्याचे सोंग घेतलेल्या नव्या वस्तूंचा हल्ली सुकाळ आहे. साखळीने ठोकून पोचे पाडलेले आणि कडा घासून रंग उडवलेले हे सामान ओळखायला एकच प्रश्न पुरतो: झीज जिथे व्हायला हवी तिथे झाली आहे का? खरी झीज मुठीजवळ, खणाच्या खालच्या कडेला, खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर असते, जिथे हात आणि पाय रोज लागतात. कपाटाचा माथा सर्वत्र सारखाच झिजलेला असेल, तर त्यावर रोज कोण लोळत होते, हे विकणाऱ्याला विचारायला हरकत नाही.

जुने ते हातचे आणि हातचे ते चांगले, ही समजूत मात्र मला मान्य नाही. माझी जुनी खुर्ची वाकवलेल्या लाकडाची आहे, म्हणजे सरळसरळ कारखान्यातली आहे. या कुळाचा मूळपुरुष जर्मन सुतार मिखाएल थोनेट. त्याची १८५९ सालची १४ क्रमांकाची खुर्ची बीच लाकडाच्या दांड्या वाफेने मऊ करून, साच्यात वाकवून बनत असे. तिचे लाकडी भाग सहा, त्यांना जोडणारे स्क्रू दहा आणि नट दोन. सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत आणि पोहोचल्या ठिकाणी जोडल्या जात. १९३० पर्यंत अशा पाच कोटींच्या वर खुर्च्या विकल्या गेल्या. इतक्या मोठ्या प्रमाणावर निघालेली वस्तूही पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ढिली झाली की स्क्रू आवळून पुन्हा उभी राहते आणि एका हाताने उचलता येते. तिच्यावर कुणा कारागिराची सही नाही म्हणून मी तिला कमी लेखत नाही.

हातच्या वस्तूंबद्दल बोलताना लोक उगाच हळवे होतात, असेही मला वाटते. १८६१ साली इंग्रज कवी व नक्षीकार विल्यम मॉरिस यांनी सहकाऱ्यांसह लंडनमध्ये गृहसजावटीची पेढी काढली आणि यंत्राच्या मालाविरुद्ध हाताच्या कामाची बाजू आयुष्यभर लढवली. पण हाताचे काम महाग पडते, त्यामुळे सर्वांसाठी कला हवी म्हणणाऱ्या या माणसाचा माल प्रामुख्याने सधन घरांतच गेला. हा पेच अजून सुटलेला नाही. माझ्या जाजमावर एका टोकापासून हातभर अंतरावर निळ्याची छटा किंचित बदलते, कारण तिथे रंगवलेल्या सुताची एक खेप संपून दुसरी सुरू झाली. ते मला आवडते, पण आवडते ते जाजम घट्ट विणलेले आहे, त्याच्या कडा सरळ आहेत आणि ते जमिनीवर सपाट बसते म्हणून. वीण सैल असती तर त्या छटेचे कौतुक मी केले नसते. घरच्या घरी करण्याजोग्या वस्तूंत मी कागदी दिव्यावर समाधानी आहे. जुना तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवत असे, त्यामुळे त्याच्यापासून कागद दूर ठेवावा लागे. एलईडी त्यामानाने पुष्कळच थंड राहतो, आणि साधी काडी व खळ यांवर छंद भागतो.

करवून घेण्याची वस्तू वेगळी. जुनी वस्तू समोर असते आणि हातची वस्तू कारागिराच्या डोक्यात असते. करवून घ्यायची वस्तू मात्र आपल्याच डोक्यात असावी लागते आणि सुतार पहिल्या भेटीत ती मिलिमीटरमध्ये मागतो. सर्वांत जाड पुस्तक केवढे, सर्वांत उंच केवढे, ती आडवीही ठेवणार का, दार कोणत्या हाताने उघडणार, खाली वाकता येते का, झाडू कुठपर्यंत जायला हवा? स्वतःच्याच घरातल्या स्वतःच्या सवयींबद्दल माणसाला किती कमी माहिती असते, ते या प्रश्नांपुढे कळते. टेबलाची उंची साधारण ७५ सेंटीमीटर आणि बैठकीची ४५ सेंटीमीटर, ही मापे सरासरी माणसाची आहेत. सरासरी माणूस आपल्या घरी राहत असेल तर करवून घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

त्यात फळ्यांचे गणित निराळे. मीटरभर पुस्तके सहज वीस-पंचवीस किलो भरतात. फळीची लांबी दुप्पट केली आणि पुस्तके तितक्याच दाटीने लावली, तर तिचा झोळ सोळापट होतो. उलट जाडी दुप्पट केली तर तोच झोळ एक अष्टमांशावर येतो. म्हणजे एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड जाणाऱ्या पातळ, डौलदार फळीचे स्वप्न पाहणाऱ्याने मध्ये एक उभा आधार मुकाट्याने कबूल करावा. भिंतीचे कोपरेही काटकोनात असतीलच असे नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर तीन फूट आणि दुसरीवर चार फूट मोजून खुणा केल्या आणि त्यांच्यातले अंतर बरोबर पाच फूट भरले नाही, तर कोपरा तिरका आहे. माझा कोपरा तिरका आहे. सुताराने फळीची मागची कड त्या तिरकेपणाप्रमाणे रंध्याने उतरवली, आणि आता फळी व भिंत यांच्यामध्ये पोस्टकार्डही जात नाही. त्याआधी मी फळ्यांचा आराखडा जमिनीवर चिकटपट्टीने आखून त्याच्याभोवती काही दिवस वावरत होतो. दार उघडताना पट्टीवर पाय पडू लागला तेव्हा फळ्यांची रुंदी चार बोटे कमी केली.

या विजोड वस्तू एकमेकींशी भांडत का नाहीत, याचे उत्तर फारसे गूढ नाही. कपाटाचा माथा, टेबल आणि फळ्यांचा खालचा टप्पा जवळजवळ एका उंचीवर आहेत, त्यामुळे नजर सरळ रेषेत फिरते. आणि जाजमाचा निळा रंग खुर्चीच्या उशीत पुन्हा येतो. लाकडाचे रंग जुळवण्याच्या नादी मी लागलो नाही, कारण बहुतेक लाकडांचा रंग उजेडाने वर्षानुवर्षे बदलतच राहतो.

करवून घेतलेल्या वस्तूची एक अडचण मात्र राहतेच. ती एका भिंतीला चपखल बसते, म्हणजे दुसऱ्या कुठल्याही भिंतीला बसत नाही. माझ्या जुन्या कपाटाचा वरचा खणही कधी काळी कुणी खास करवून घेतला असणार. त्यात बोटभर रुंदीच्या अकरा उभ्या पट्ट्यांचे कप्पे आहेत आणि ते कशासाठी केले होते याचा अंदाज घरी आलेल्या कुणालाही करता आलेला नाही. सध्या तिथे किल्ल्या राहतात. हे पाहून नव्या फळ्या मी गोंदाऐवजी स्क्रूने बसवायला सांगितल्या, आणि सुताराकडून प्रत्येक फळीच्या पाठीवर तिचे माप, लाकडाची जात आणि ती तिरकी कड कोणत्या कोपऱ्यासाठी आहे हे पेन्सिलीने लिहून घेतले, म्हणजे पुढे त्या ज्याच्या हाती लागतील त्याला करवत कुठे चालवायची एवढे तरी समजेल.