बाण नसलेली स्लिप

एबीजीची, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीची, स्लिप हातात आली की बरेच जण आकडे वाचत नाहीत, बाण वाचतात. वर बाण, खाली बाण. बाण नसला की सही. त्या रात्री आयसीयूत पीएच 7.42, कार्बन डायऑक्साइड 38, आम्ल शमवणारं बायकार्बोनेट 24. तिन्हींपुढे कागद कोरा.

पेशंट तरुण, इन्सुलिनवर असलेला, तीन दिवस उलट्या, शुगर 480, सुस्त. निवासी डॉक्टरनं लिहिलं, ‘एबीजी नॉर्मल, केटोअ‍ॅसिडोसिस नाही’, म्हणजे इन्सुलिनअभावी साठणारं केटोन-आम्ल रक्तात नाही, आणि वॉर्डात बेड बघायला सांगितलं. स्लिप पाहून मीही मान डोलावली होती. ते अजून खटकतं.

आधी सॅम्पलवरच संशय घेतला. पण सिरिंजमध्ये रक्त गोठू न देणारं पातळ हेपरिन जास्त राहिलं तर कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट खोटेच कमी येतात. इथे तर सगळं जागच्या जागी.

गोम क्लोराइडमध्ये होती, आणि आमचं मशीन नेमकं तेच मोजत नाही. तासाभरानं लॅबचा रिपोर्ट आला: सोडियम 136, क्लोराइड 82. 136 मधून 82 आणि 24 वजा केले की उरतात 30. ही ‘अॅनियन गॅप’, म्हणजे न मोजलेल्या आम्लाची खूण, साधारण 12 च्या आत असायला हवी. म्हणजे लिटरमागे किमान 18 मिलिमोल आम्ल रक्तात होतं आणि स्लिपवर त्याचा मागमूस नव्हता. एवढ्या आम्लानं बायकार्बोनेट 6 च्या आसपास यायला हवं होतं. ते टिकलं उलट्यांमुळे. जठरातलं आम्ल बाहेर पडलं की त्याच्या बदल्यात रक्तात बायकार्बोनेट साठतं. एरवी मूत्रपिंड जादाचं लघवीवाटे टाकून देतं, पण शरीर कोरडं पडलेलं आणि क्लोराइड तुटपुंजं असलं की ते बायकार्बोनेट धरून ठेवतं. एक बिघाड खाली ओढतोय, दुसरा वर, आणि रकान्यात 24. फुप्फुसांचं लक्ष पीएचकडे, म्हणून श्वासही शांत, मिनिटाला 18. दारातूनच ओळखू येणारा तो खोल, भात्यासारखा श्वास नव्हताच.

रक्तातले केटोन तपासले: 6.1, फारच जास्त. पोटॅशियम मात्र कमी, 3.1, म्हणून इन्सुलिन थांबवलं. आधी सलाइन आणि पोटॅशियम. 480 बघून हात शिवशिवतात, पण इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. 3.5 च्या वर गेल्यावरच पंप चालू केला.

सहा तासांनी पीएच 7.32, बायकार्बोनेट 16, कार्बन डायऑक्साइड 32. आता सगळीकडे बाण. “सर, बिघडतोय. सोडाबायकार्ब देऊ का?”

नको. सोडियम 138, क्लोराइड 98, म्हणजे गॅप 24. आम्ल कमी होत होतं. सलाइननं क्लोराइड भरून निघालं, मूत्रपिंडानं धरलेलं बायकार्बोनेट सोडलं, आणि उलट्यांनी झाकलेला अ‍ॅसिडोसिस उघडा पडला. फुप्फुसं चोख काम करत होती: बायकार्बोनेट 16, त्याची दीडपट अधिक 8 एवढा कार्बन डायऑक्साइड अपेक्षित, बरोबर 32. निवासी डॉक्टरला हे पटवताना मला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात पहिली स्लिप दहादा वाचून झाली असती.

क्लोराइड मोजणारं कार्ट्रिज मागवा, अशी चिठ्ठी दुसऱ्याच दिवशी स्टोअरला दिली. ते अजून आलेलं नाही. तोवर स्लिपच्या कडेला गॅप पेनानं लिहायची, असं ठरवलंय. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत ती जागा रिकामी राहते, आणि रिकाम्या जागेपुढेही बाण नसतो.