मशीन काढून ठेवल्यानंतरची रात्र

सुट्टीत राहायला आलेल्या भाचीने दुसऱ्याच दिवशी विचारले, "मामा, तुझ्याकडे हा कसला पक्षी मिनिटामिनिटाला ओरडतो?" शोधाशोध केल्यावर तो पक्षी म्हणजे झोपण्याच्या खोलीबाहेर छताला लावलेला धुराचा अलार्म निघाला. बॅटरी संपत आल्याचे तो किती दिवस ओरडून सांगत होता कोणास ठाऊक. कानाला मशीन लावलेले असूनही मला त्याचा पत्ता नव्हता.

यात नुसता विसराळूपणा नव्हता. बाजारात सर्रास मिळणाऱ्या धुराच्या अलार्मचा आवाज सुमारे ३००० हर्ट्झचा, म्हणजे बराच वरच्या पट्टीतला असतो, आणि वयोमानाने किंवा गोंगाटात काम केल्याने ऐकू येणे कमी होते तेव्हा बहुधा याच वरच्या पट्ट्या आधी जातात. त्यामुळे समोरच्याचे बोलणे आणि दार आपटल्याचा आवाज ज्याला व्यवस्थित कळतो, त्यालाही अलार्म ऐकू येत नाही, आणि घरातल्यांना मात्र "याला तसे बरे ऐकू येते" असेच वाटत राहते. सुमारे ५२० हर्ट्झच्या खालच्या पट्टीतल्या, जाडसर आवाजाने कमी ऐकू येणारी माणसे अधिक खात्रीने जागी होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे.

आमच्या घरी अलार्मची चाचणी व्हायची ती भर दिवसा: मी मशीन लावून अलार्मच्या खाली उभा, आणि कोणीतरी स्टुलावर चढून बटण दाबणार. अशा चाचणीला माझ्या मते काही अर्थ नाही. खरी चाचणी रात्रीची, मशीन डबीत, खोलीचे दार लोटलेले आणि त्यातल्या त्यात चांगला असलेला कान उशीत दाबलेला, अशा अवस्थेत व्हायला हवी. ती करून पाहिली तेव्हा बायको दारात येऊन उभी राहिली तरी मी घोरतच होतो.

आता अलार्मला बिनतारी जोडलेली एक थरथरणारी चकती गादीखाली असते. ती आधी उशीखाली ठेवत असे, पण सकाळी पलंग आणि भिंत यांच्या फटीत सापडू लागली, म्हणून गादीखाली पट्ट्याने बांधून टाकली. लखलखणारा दिवाही आहे, पण तो जागे असताना उपयोगी. झोपलेल्या माणसाला नुसत्या प्रकाशाने जाग येईलच याचा भरवसा धरता येत नाही. अशी उपकरणे घेताना वीज गेल्यावर ती बॅटरीवर चालतात की नाही, हे आधी विचारावे, कारण आगीत वीज जाणे मुळीच दुर्मीळ नाही. आवाज ओळखून सूचना देणारी मोबाइलमधली सोय मी दाराच्या घंटीपुरती वापरतो. जिवावर बेतेल अशा प्रसंगी तिच्यावर विसंबू नये, असे ती देणारेच सांगतात.

स्वयंपाकघरात वाहता नळ आणि विस्तवावर विसरलेले भांडे हे माझे नेहमीचे गुन्हे आहेत. त्यावर मनगटावर थरथरणारे घड्याळ पुरते.

राहता राहिले शेजारी. रात्री कितीही दार ठोठावले तरी मी उठणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगून ठेवले आहे, आणि बायको गावाला जाते तेव्हा घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.