तुम्ही विचारलंत म्हणून: सातवी पास

"मॅडम, तुम्ही स्वतः शिक्षिका. मग सरपंचाला सातवीची अट नको, असं कसं म्हणता?" स्टाफरूममध्ये, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या ट्रेनिंगला तर हमखास. पाठोपाठ जरा हळू आवाजात: "तुमच्या आई सरपंच होत्या ना? सहीपुरत्याच शिकलेल्या?"

होय, सहीपुरत्याच. ती सही मीच पाटीवर गिरवून घेतली होती.

आधी हेही सांगते की २०१५च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने हरियाणाची पंचायतीच्या उमेदवारांसाठीची शिक्षणाची अट वैध ठरवली, तेव्हा मी खूश होते. बरंवाईट ओळखायची शक्ती शिक्षणच देतं, असं त्या निकालात आहे. मी ते फळ्यावर लिहिलं होतं! २०१७ला आपल्याकडे अट आली, १ जानेवारी १९९५ला किंवा नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची. आईला ती लागूच नव्हती. तरी मला ते प्रोसिडिंग, म्हणजे ग्रामपंचायतीच्या ठरावांचं रजिस्टर, आठवलं.

आई राखीव जागेवर सरपंच होती, मी बी.एड.ला. दिवाळीची सुट्टी संपवून निघायच्या दिवशी सकाळीच शिपाई प्रोसिडिंग घेऊन दारात. वाचून घेतल्याशिवाय सही नाही, ही आईची रीत. एरवी शेजारचा आठवीतला पोरगा वाचायचा, अक्षर लावत लावत. अर्धा तास जायचा, शिपाई कावायचा. त्या दिवशी वाचणारी मी होते. ठराव चार. तीन वाचले. चौथ्यावरून नुसती नजर फिरवली, 'दिवाबत्ती' दिसलं.

"बल्बचं आहे गं. कर सही."

"कुठले बल्ब?"

"आई, एसटी जाईल माझी."

तिने सही केली.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले मागासवर्गीयांसाठी राखलेले पंधरा टक्के होते ते. आमच्या वस्तीच्या गटारीसाठी आई दोन ग्रामसभा भांडली होती. पैसे गेले वेशीपासून देवळापर्यंतच्या दिव्यांना. पुढच्या ग्रामसभेत तिने जाब विचारला, तर तिच्यापुढे तिचीच सही ठेवली. कुणीतरी म्हणालं, "अडाणी बाईच्या हाती कारभार दिला की असंच व्हायचं." लेकीने वाचून दाखवलं होतं, एवढंही आई बोलली नाही. हे सगळं मला शेजारच्या त्या पोराने सांगितलं.

आता तुम्हीच सांगा, अडाणी कोण? "कुठले बल्ब?" हा त्या दिवशी आमच्या घरातला एकमेव शहाणा प्रश्न होता. निरक्षर म्हणजे बुद्धीने कमी, हे बाबासाहेबांनी सायमन आयोगाच्या वेळीच नाकारलं होतं. राजस्थानने तर २०१९ला आपली अशीच अट काढूनही टाकली. आणि माझ्या वर्गातल्या मुली दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काही परत येतच नाहीत. त्यांना शाळेत टिकवणं आम्हाला जमलं नाही, आणि अपात्र मात्र त्या.

हे मी तावातावाने बोलते. मग धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, आईला वाचता येत असतं तर तुझी गरजच पडली नसती." तिथे मी गप्प होते. दरवेळी.

परवा आईला बँकेचा कागद आला. मी समोरच बसले होते. तिने पाचवीतल्या नातीला हाक मारली आणि म्हणाली, "सावकाश वाच. मला घाई नाही."