आबांचं दुखणं गुडघ्यात नव्हतं

येत्या दिवाळीनंतर आई गेल्याला दोन वर्षं होतील. त्यातलं पहिलं वर्ष आबांनी कसं काढलं ते एकाच घरात राहून मला कळलं नाही, आणि हे लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

आबा म्हणजे पहाटे पाचला उठून कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाणारा माणूस. समोर काढलेल्या धारेचं ग्लासभर दूध प्यायचं, तिथनं रंकाळ्याला एक चक्कर टाकायची, येताना भाजी आणायची, कित्येक वर्षं यात खंड नाही. आई गेल्यावर आधी कट्टा सुटला, मग रंकाळा, मग पेपर पण घडीसकट तसाच पडून राहायला लागला. रडले वगैरे अजिबात नाहीत. विचारलं की एकच, "अंगात त्राण न्हाई बघ, गुडघं लई दुखत्यात." रात्री तीनला जागे, जेवताना दोन घास की ताट बाजूला. आम्ही गुडघ्याचा एक्सरे काढला, टॉनिक आणलं, एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वय झालंय आता, असं चालायचंच. आणि मी मान हलवून घरी आलो, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

कारण ते डिप्रेशन होतं, आणि वय झालं की ते येणारच असं काही नसतं. तो आजार आहे आणि तो बरा होतो. फक्त आपली म्हातारी माणसं "मला उदास वाटतंय" असं म्हणत नाहीत, ती म्हणतात भूक नाही, झोप नाही, पाय ओढतात, डोकं जड झालंय, विसरायला होतंय. आणि आपण त्या त्या अवयवाच्या मागं धावतो.

आमच्या घरी हे पकडलं ते घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेनं, आमच्या आशाताईंनी. बीपी-शुगरचा फॉर्म भरायला आलेल्या, त्यात शेवटी दोन प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटत नाही असं किती वेळा झालं, आणि उदास, निराश किती वेळा वाटलं. दोन्हीला शून्य ते तीन मार्क, बेरीज तीन किंवा वर गेली की पुढं नीट तपासायचं. आबा त्यांना म्हणाले, "कशातच मन लागंना बाई." मी दारात उभा होतो. वर्षभरात हे वाक्य त्यांनी मला एकदाही सांगितलं नव्हतं, पण मी तरी कुठं विचारलं होतं.

मग आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासलं, चालू गोळ्या बघितल्या, कारण यातल्या कशानंपण असं होऊ शकतं, मग कमी डोसची गोळी सुरू केली आणि बजावलं की फरक पडायला काही आठवडे जातील, तोवर कंटाळून मनानं बंद करायची नाही. वयस्कर माणसांत या गोळ्यांनी कधी कधी रक्तातलं सोडियम उतरतं म्हणून ती पण टेस्ट केली. आणि एक प्रश्न सरळ विचारला, "आबा, जीव नकोसा झालाय असं वाटतं का?" मी दचकलो, आबा नाही दचकले. विचारल्यानं तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. घरात कुणी "देवानं उचलावं आता" म्हणत असेल तर ते नुसतं बोलणं समजून सोडू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

मग मी वाचत सुटलो. अमेरिकेत २००२ साली साठीच्या पुढच्या १८०१ पेशंटचा एक अभ्यास आला, साध्या दवाखान्यातच डॉक्टरांच्या जोडीला एक माणूस नेमला जो पेशंटची विचारपूस सतत चालू ठेवायचा. वर्षानं त्यातल्या साधारण ४५ टक्के लोकांचा त्रास निम्म्यानं किंवा जास्त कमी झाला, नेहमीच्या उपचारात हेच १९ टक्के. आपल्या शेजारी गोव्यात तर डॉक्टर नसलेल्या, फक्त ट्रेनिंग दिलेल्या माणसांनी साठीच्या पुढच्या लोकांना अडचण कशी सोडवायची, झोप कशी सुधारायची हे शिकवलं. वर्षभरात डिप्रेशन आलं ते ४ टक्क्यांच्या आसपास लोकांना, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात १४. झिम्बाब्वेत दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून आज्या हे काम करतात. मला वाचताना आमच्या पेठेतले कट्टेच दिसत होते, बाक पण आहेत आणि बसणारी माणसं पण आहेत.

आबांच्या तालमीतल्या जुन्या दोस्ताला मी सगळं सांगितलं. ते दुसऱ्या दिवशी पहाटे दारात. आबा म्हणाले, आज नको, मन न्हाई. तर ते म्हणाले, "मनाला ऱ्हाऊ दे घरात, तू चल." आणि खरंच उपचाराची पद्धतच तशी आहे, बरं वाटेल मग जाऊ असं थांबायचं नाही, आधी थोडंसं जायचं, बरं वाटणं मागनं येतं. पहिला आठवडा गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. मग गंगावेश. रंकाळ्याला पोचायला दोन महिने लागले, मधे चार दिवस परत अंथरूण धरलं, तेव्हा पण दोस्त येऊन नुसते बसून गेले.

गोळी अजून चालू आहे. एखाद्या रात्री अजून तीनला जाग येते. पण सकाळी चहा घेताना आता आबाच सांगतात, "आज तीनला उठलोय बघ, तुझ्या आईची आठवण आली," आणि मी फोन बाजूला ठेवून ऐकत बसतो.